माझा पाय, तिचा घोटा

१६ फेब्रु., सोम.
संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या प्रॅक्टिसला रंजनाच्या कमरेत उसण भरली. आमची लिफ्टर ती, स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणारी. बॉल उचलायला वाकली आणि तशीच राहिली. मी चप्पल काढून तयार. मी पायाळू, जन्मताना पाय पुढे करून आलेली. वस्तीतल्या सगळ्या कमरा आजवर माझ्याच पायाखालून गेल्यात. पालथं झोपायचं, मी टाच लावायची, झालं. पण आज सोनल मध्ये पडली. म्हणाली, "ताई, पाय नको. थांबा जरा." रंजनाला उताणी झोपवलं, गुडघे हळूहळू पोटाशी घ्यायला लावले, बराच वेळ. शेवटी रंजना उठून चालत घरी गेली. सोनलचा हात धरून.
सोनल म्हणजे आमच्या दीपकची, माझ्या भावाची बायको. घरात येऊन वर्ष नाही झालं. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेली, आता इथे पोलादपुरात शाळेत पी.टी. शिकवते.
मी एका पायात चप्पल घालून उभी. माझ्या पायानेही बरी झालीच असती.

२१ फेब्रु., शनि.
आता म्हणे रोज खेळायच्या आधी पळायचं. मग हातपाय मोकळे करायचे, मग उड्या. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता. सो.चा हुकूम. बायका खिदळत का होईना, करतात. मी नेट बांधत बसले. इतकी वर्षं आल्या आल्या खेळलो, मेलं का कोणी?
(खरं लिहायचं तर रंजनाचा गुडघा गेला, माझा खांदा अजून दुखतो. पण मेलं कोणी नाही.)
दुसरा हुकूम, बांगड्या, अंगठ्या काढल्याशिवाय कोर्टात पाऊल टाकायचं नाही. अंगठी नेटमध्ये अडकली तर बोट जातं. हे मी कधीपासून ओरडतेय! कॅप्टन मी. तेव्हा उत्तर काय मिळायचं, "वनिता, तुझं बरं हाय, तुला घरी विचारणारं कोण नाय." आज सो.ने आधी स्वतःच्या काढल्या, रुमालात बांधून विहाराच्या पायरीवर ठेवल्या, नि मग एकेक करत सगळ्यांनी. नुसता जळफळाट झाला.

१ मार्च, रवि.
१४ एप्रिलला, जयंतीला, महाडला सामने. आज सगळ्या विहारात बसलो. कॅप्टन कोण ते "नंतर बघू" म्हणाल्या. नंतर काय बघू? मी काय मेलेय? सो. गप्प बसली होती. तिचं गप्प बसणंसुद्धा लोकांना आवडतं.
आई हल्ली रोज पायरीवर येऊन बसते, सुनेचा खेळ बघायला. मी इतकी वर्षं खेळतेय, एकदा आली नाही. तेव्हा गुडघे दुखायचे.

८ मार्च, रवि.
दुकानात ब्लाउजांचा ढीग तसाच ठेवून नीकॅप शिवले. जुनी चादर, आत गादीचा स्पंज, मागे इलॅस्टिक. सगळ्यांसाठी. आमचं पटांगण म्हणजे मुरूम, पडलं की गुडघा सोलून निघतो. म्हटलं, आपल्याला जे येतं ते करावं. बायका खूश. रंजना तर घालून घरापर्यंत गेली.
सो. म्हणाली, "ताई, किती छान! विकतच्यापेक्षा चांगले आहेत." मला शाबासकी देणारी ही कोण? शाळेतल्या पोरीला देतात तशी. तिचा मुद्दाम जरा सैल शिवला होता. तिने सेफ्टीपिन लावली. मग स्वतःच काढली, म्हणाली खेळताना पिन नको. रात्री घट्ट करून दिला. न देऊन सांगते कोणाला.

२० मार्च, शुक्र.
सत्याग्रहाचा दिवस, महाडला गेलो सगळे. पांढऱ्या साड्या, हीऽऽ गर्दी. प्रॅक्टिस नाही. तळ्यावर जुनी माणसं भेटली की बरं वाटतं. वरंधची एक मावशी भेटली, दरवर्षी भेटते. माझ्याकडे बघून म्हणते, "तुम्ही सोनलच्या नणंद ना?"
बाई गं! चौतीस वर्षं मी वनिता होते.

२५ मार्च, बुध.
आज भांडले. म्हणजे मी एकटीच भांडले, ती कुठे भांडते.
माझा स्मॅश सगळ्या तालुक्याला माहीत आहे. धावत येते, उडते, मारते आणि त्या झोकात नेटखालून अर्धी पलीकडे. समोरच्या बायका आधीच मागे सरकतात. त्यातच मजा. सो. बाजूला घेऊन म्हणाली, ताई, तुमचा पाय मधल्या रेषेपलीकडे पडतो. घोटे सगळ्यात जास्त तिथेच जातात, एकीच्या पायावर दुसरी उतरते. एक पाऊल मागून उडी घ्या.
मी म्हटलं, माझ्या पायाला नावं ठेवणारी तू पहिलीच. पंच तरी एवढं बघत नाही.
ती म्हणाली, "पंचांसाठी नाही हो ताई."
वळून निघून आले. रेषा बघत खेळायचं तर मग शिवणकामच काय वाईट.

२९ मार्च, रवि.
आजचं सगळं लिहून ठेवते.
आपसात सामना. सो. समोरच्या बाजूला, नेटवर, ब्लॉकला. रंजनाने मला बॉल उचलून दिला, अगदी हवा तसा. मी मारला, तिने अडवला, दोघी खाली आलो. ती माझ्या पायावर उतरली. घोटा आतल्या बाजूला वळला. तिने ओरडायचं सोडून फक्त तोंडावर हात धरला.
सगळ्या धावल्या. घोटा बघता बघता टम्म. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "वनिता, पाय लाव." "वनिताताई, तुम्हीच." जिने पाय नको म्हणून सांगितलं होतं, तिच्यासाठी! आई पायरीवरून उठून आली, "वने, लाव गो पाय. बघत काय ऱ्हायलीस?"
एवढे दिवस हेच तर हवं होतं मला.
नाही लावला. नेट बांधायचं सोंग करत ती काय काय शिकवायची ते सगळं ऐकलेलं होतं मी, शब्द न् शब्द. दाबायचं नाही, चोळायचं नाही, पाय उंच ठेवायचा, बर्फ. म्हटलं, कोणी हात लावायचा नाही, बर्फ आणा. कोणी हलेना. मग मीच पळाले हायवेच्या नाक्यावर, मासेवालीच्या पेटीतला बर्फ ओढणीत बांधून आणला. बांगड्याचा वास येत होता. तसाच लावला, ओढणीवरून.
आई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या मनातच नाय तिला बरं करायचं. आख्ख्या वस्तीला लावलास पाय, घरच्या सुनेला जड झाला."
बायका माझ्याकडे पाठ करून सो.भोवती बसल्या. म्हणजे सगळ्यांना तेच वाटलं.

३० मार्च, सोम.
महाडला हाडांच्या डॉक्टरांकडे. दीपक, ती, मी. हाड शाबूत, बाहेरच्या बाजूचा स्नायुबंध फाटलाय. पट्टा, विश्रांती. जयंतीला खेळणं विसरा. डॉक्टर म्हणाले, लगेच बर्फ लावला आणि चोळलं नाही ते उत्तम केलंत. दीपकने घरी येऊन आईला सांगितलं.
आई म्हणे, डॉक्टरला काय ठाव हिच्या पायाचं.
माझ्या पायाचं डॉक्टरलाच काय, कोणालाच ठाऊक नाही. तो तेव्हा कुठे होता ते मला माहीत आहे. रेषेच्या पलीकडे. चांगला वीतभर.

५ एप्रिल, रवि.
कॅप्टन मीच. सो.नेच बायकांना सांगितलं, वनिताताईंशिवाय कोण. मिळालं एकदाचं, आणि तेही तिच्या हातून. गोड लागेना.
प्रॅ.ला ती खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर. बाजूने बॉल घरंगळत कोर्टात आला की तीच ओरडते, "थांबा!" सगळ्या जागच्या जागी थांबतात. माझ्या शिट्टीला थांबत नाहीत.
आई माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, ताट सरकवते. परवा नळावर कोणाला तरी सांगत होती, पोरीच्या पोटात मत्सर हाय. खोटं असतं तर जाऊन भांडले असते.
एक पाऊल मागून उडी घेऊन बघितली, कोणी नसताना. जमत नाही. बॉल नेटमध्ये.

१३ एप्रिल, सोम.
उद्या सकाळी निघायचं. टेम्पो सांगितलाय, आईपण येणार, सुनेला धरायला.
दुपारी दुकान बंद करून घरी आले. आई बाहेर गेलेली. सो.चा पट्टा सैल झाला होता, मी बांधून देत होते. खालून वर, फार घट्ट नाही, बोटं निळी पडत नाहीत ना ते बघत. सूज बरीच उतरलीय.
ती म्हणाली, "ताई, उद्या रेषा सांभाळा. त्या दिवशी तुमचा पाय माझ्या बाजूला होता."
मी मान वर केली नाही. विचारलं, मग कोणाला बोलली का नाहीस? आई मला एवढं बोलत होती तेव्हासुद्धा?
"बोलून काय? आई मग तुम्हाला घरात राहू देतील का? आणि तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."
सहज म्हणाली ती. पुढे दीपकच्या शर्टाच्या बटणाचं काहीतरी सांगायला लागली. मी हूं हूं करत होते.
चांगुलपणातही हीच पहिली. त्याचाही हेवा वाटावा, काय म्हणावं या जीवाला.
तेव्हापासून एकच चाललंय डोक्यात. बॉल वर गेला. मी धावले. सो. समोर उभी दिसली, उडायच्या आधी दिसली, हे पक्कं आठवतं. रेषाही दिसली. मागून उडी घे, हे तिचं वाक्यसुद्धा तेव्हा कानात होतं, म्हणून तर राग आला होता. त्यानंतर पाय पडेपर्यंतचं मात्र काही आठवत नाही. किती वेळा आठवून बघितलं.
मुद्दाम नाही केलं.
आई आलीय, चहा टाकतेय. तिच्याजवळ जाऊन बसावं आणि सांगून टाकावं असं वाटतं. पण ती पहिलं हेच विचारेल, मुद्दाम केलंस का, आणि मला नेमकं तेवढंच आठवत नाही.