चेंडू सरळ जाऊ नये म्हणून

ढोकी,
धोंड्याच्या महिन्यातला सोमवार

ती. नानासाहेब दाजी यांना उत्तरेश्वरचा गुडघ्यापर्यंत नमस्कार. (त्याच्या खाली वाकवत नाही.) हरणाक्काची कंबर कशी आहे? मोजणी खात्यातनं रिटायर झालात तरी भूममध्ये लोकांच्या भिंती डोळ्यानं मोजत हिंडता, असं कानावर आलं. हिंडा, तब्येतीला बरं असतं. इकडं सगळी खुशाली आहे, फक्त चेंडू उजवीकडं जातो.

आमचे जावई कृष्णराज पुण्यात गोल्फ खेळतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. (लग्नात तुम्ही त्यांना "विटी कुठाय मग?" असं विचारलं होतं, ते अजून विसरलेले नाहीत.) घरातल्या घरात खेळायचं त्यांचं एक यंत्र आहे. समोर पडदा, पायाखाली हिरवी चटई, बाजूला एक डबी. चेंडू पडद्यावर हाणायचा. तो कसा गेला हे डबी बघते आणि पडद्यावरच्या चित्रात त्याला पुढं उडवते. फ्लॅटमध्ये काठी पंख्याला लागली, पंखा खाली आला आणि आमच्या राजेश्वरीनं यंत्र घराबाहेर काढलं. मी म्हटलं, इकडं पाठवा, आपलं ट्रॅक्टरचं शेड उंच आहे. दाजी, मला त्या खेळाचं काडीचं प्रेम नाही. पण लेक माहेरी आली की दुसऱ्या दिवशी जावयांना कंटाळा येतो आणि ते तिला घेऊन निघतात. तेवढ्यात तिची आई तिला धड बघतही नाही, नुसती वाढत असते. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून धोंड्याच्या जेवणाला दोघांना बोलावलं, ट्रॅक्टर उन्हात काढला आणि शेडात गोल्फ मांडला. त्या डबीचं तोंड बरोबर पडद्याच्या मध्याकडं असावं लागतं. बोटभर चुकलं की सरळ मारलेला चेंडूही चित्रातल्या तळ्यात. जावयांनी गवंड्याची दोरी ताणून, भिंतीपासून मापं घेऊन डबी लावली. पहिलाच चेंडू तळ्यात. (भिंतीवर विसंबले तिथंच फसले. उसाच्या ट्रॉलीनं इतक्या वेळा धडक दिली आहे की ती भिंत आता स्वतःच्या मनानं उभी आहे.) मग भिंत सोडून पडद्यावरून मापं घेतली आणि संध्याकाळी एकदाचं जमलं. सकाळी बघतात तर पुन्हा तळ्यात.

"म्या न्हाय बा हलवलं," घरकामाला येणारी धुरपदाबाई म्हणाली. "झाडताना केरसुणी लागली आसंल."

जावई हट्टाला पेटले. म्हणाले, "मामा, हे सरळ झाल्याशिवाय मी इथून हलत नाही." हे ऐकून मी देवाला हात जोडून आलो.

तेव्हापासून आमचं शेड रोज झाडलं जातं. (पूर्वी पोळ्याला झाडायचे.) जावई बाजेवर लॅपटॉप घेऊन नोकरी करतात आणि मधे उठून दोरी ताणतात. मायलेकी ओसरीवर शेंगा फोडत गावाची निंदा करतात आणि हसतात. ते हसणं ऐकत मी उगाच दारात बसून असतो. बाकी ठीक.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. तुमच्याकडं लेसरचं मापयंत्र आहे, हे अक्कानं जावयांना सांगून ठेवलंय. त्यांनी मागितलं तर बिघडलंय म्हणा.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण आज घात झाला. धुरपदाबाईनं ठरल्याप्रमाणे केरसुणीनं डबी एकीकडं सारली. ती विसरली असं समजून मी पायानं दुसरीकडं सारली. चेंडू मधोमध! जावई नाचायला लागले आणि आम्ही दोघं सुतकात बसल्यासारखे. ते बॅग भरायला निघाले, तशी राजेश्वरी म्हणाली, "एका चेंडूवर काय धरून चालता? मोजणीतल्या माणसाला बघू दे की." पोरगी माझ्यावर गेली आहे.

तेव्हा लेसर बिघडलेलं नाही. ते घेऊन मिळेल त्या एसटीनं या, अक्कालाही आणा. चष्मा पुसा, एक डोळा मिटा, बराच वेळ काही बोलू नका. मग वाकडं आहे म्हणा, आणि पुन्हा बघायला पुढच्या आठवड्यात यावं लागेल म्हणा.