पुन्हा तपासणीपर्यंतचा नेम

१२ जुलै ९७, शनि. सांगली
हे आले ते पेढे घेऊन. गणपतीपुढे ठेवून आणलेले. म्हटलं, पगार वाढला की काय. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खिशातून कागद काढला. मिरजेच्या कुठल्याशा खाजगी लॅबचा. एच.आय.व्ही. निगेटिव्ह.

"ही तपासणी तुम्ही कशाला केलीत?"

तेव्हा बोलले. जूनच्या अखेरीला पेढीच्या शेठजींनी परगावच्या हळद-व्यापाऱ्यांबरोबर महाबळेश्वरला पाठवलं होतं. तिथे लॉजवर. दारू झाली. एक बाई होती. एकदाच, म्हणे. परत आल्यापासून झोप लागेना, म्हणून आठवड्याभरात रक्त देऊन आले. "आता सगळं क्लीन आहे. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं."

कागद वाईट आला असता तर सांगितलं असतं? विचारलं नाही. शुभा शाळेतून आली, तिला पेढा दिला. मी घेतला नाही.

१३ जुलै
खर्चाच्या वहीत पेढे देवकार्यात लिहिले. खोडले. किरकोळमध्ये टाकले.

दिवसभर डोक्यात एकच. महाबळेश्वर आणि पेढे ह्यांच्या मधल्या दिवसांत... एकदा. मी ह्याच घरात होते ना. मला कुणी विचारलं?

१५ जुलै
सासूबाईंची साखर तपासायला डॉ.बाईंकडे गेलो होतो. त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मी परत आत गेले. म्हटलं, आमच्या शेजारच्या एका बाईंच्या मिस्टरांचं असं असं झालंय, रिपोर्ट तर चांगला आलाय.

डॉ.बाई म्हणाल्या, "बसा. त्या बाईंना नीट समजावून सांगा." आठवतं तसं लिहून ठेवते. ही तपासणी जंतू बघत नाही. जंतूशी झगडायला अंगात जे तयार होतं ते बघते. ते तयार व्हायला काही आठवडे जातात. तीन महिने धरायचे. आठवड्यात केलेल्या तपासणीवरून महाबळेश्वरचं काही कळत नाही, त्याच्या आधीचं कळतं.

म्हणजे विरजण लावायचं आणि लगेच झाकण काढून म्हणायचं, दूधच आहे की!

"एकदा संबंध आला म्हणजे लागलाच असं नाही हं. पुष्कळदा लागत नाही. पण लागायला एकदाही पुरतं. तीन महिन्यांनी परत तपासायचं. तोवर निरोध, नाहीतर वेगळं झोपायचं. नंतर त्या बाईंचा संबंध आला का?"

"एकदा."

"मग त्यांनीही तपासायला हवं. त्या दिवसापासून तीन महिने मोजून."

मी दाराशी गेल्यावर म्हणाल्या, "आणि त्या बाईंना म्हणावं, जेवण सोडू नका. डोळे पार खोल गेलेत."

१७ जुलै
ह्यांना सांगितलं. हसले. "एकदा पास झालेला पेपर परत कोण देतं?" निरोधचं नाव काढल्यावर मात्र भडकले. "आईला नातू हवाय आणि घरात पाकिटं आणू? कोपऱ्यावरचा दुकानदार काय म्हणेल?" दुकानदाराची लाज वाटते. बरं.

एकादशी झाली, चातुर्मास लागला. देवापुढे नेम धरला. कार्तिकीपर्यंत वांगं खायचं नाही आणि गादीवर निजायचं नाही. देवघरापाशी चटई. वांग्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. चटईचं हळूच.

देवाशी खोटं बोलले नाही. कारण सांगितलं नाही एवढंच, आणि ते त्याला ठाऊक आहे.

२५ जुलै
सा.बाईंना चटई दिसली. त्या कुंडल गावच्या, मनात काही ठेवायच्या नाहीत. "वांगं सोडलंस, सोड बाई. किष्णाकाठचं वांगं सोडून कोन सर्गात गेलंय ते मला बी दाव. पर चटईवर निजून मला नातू कवा गं हुनार?"

म्हटलं, कार्तिकीनंतर बघू.

"तुज्या देवाला म्हनावं, मुदत लय लांबची घेतलीस."

मला हसू आलं. हे पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ तेच.

९ ऑगस्ट
ह्यांची वाटी, भांडं, टॉवेल बाजूला काढलाय. सकाळी त्यांनी शुभाचा मुका घेतला. मी तिला ओढत मोरीत नेलं आणि तोंड धुतलं. त्यांनी बघितलं.

जेवताना सा.बाई म्हणाल्या, "माज्या लेकाला निराळी वाटी? का गं, त्यो बाजूला बसलाय व्हय?" शुभा खो खो हसली, तिला काय कळलं देव जाणे. हे अर्ध्या जेवणातून उठले. हात धुताना माझ्याजवळ येऊन, "किळस येते ना माझी?"

येते का? वेगळी वाटी ठेवते ती भीतीनं की रागानं, माझं मलाच...

११ ऑगस्ट
पुन्हा डॉ.बाई. म्हटलं, शेजारच्या बाई विचारतात. त्या म्हणाल्या, भांड्यानं, टॉवेलानं, मुका घेतल्यानं, एका पंगतीला बसल्यानं नाही लागत. संबंधातून, रक्तातून आणि आईकडून बाळाला. दाढीचं पातं तेवढं ज्याचं त्याचं.

सा.बाईंचं नातवाचं मागणं आठवलं.

वाटी परत फळीवर सगळ्या वाट्यांत ठेवली. चुकलं म्हणायला तोंड उघडेना. संध्याकाळी त्या वाटीतली आमटी मी घेतली. त्यांनी ओळखली वाटी, तिच्या काठाला पोचा आहे.

१९ ऑगस्ट. सातारा
राखीला माहेरी आले. दादा बॅग उचलताना म्हणाला, "कायमची आलीस का काय? दगड भरलेत?"

"ओवाळणी न्यायला जागा नको?"

वहिनी हसली. सगळ्या साड्या, शुभाची शाळेची पुस्तकंसुद्धा भरली होती. कुणाला सांगू.

दोन दिवस अंगात कसर आहे. आई म्हणते, पावसाळी हवा. मी आरशात जीभ बघते, काखेत चाचपते. रामरक्षा म्हणताना मधेच अडले, पाठ असलेली.

२२ ऑगस्ट. सातारा
ताप उतरला. ताप आला म्हणून काही सिद्ध होत नाही आणि गेला म्हणूनही नाही. उद्या परत निघते. मी इथे राहिले तर ते तपासणीला कधीच जाणार नाहीत. आणि माझं काय ते रक्तच सांगणार, माहेर नाही.

५ ऑक्टोबर. सांगली
त्यांचे तीन महिने उलटले. आठवण दिली. "नवरात्रात नको. दसरा होऊ दे."

१४ ऑक्टोबर
"दिवाळी होऊ दे."

धुण्याआधी खिसे बघताना तो कागद सापडला. लॅबचा. घड्यांवर फाटलाय, घामानं अक्षरं पसरलीत. जुलैपासून रोज शर्ट बदलताना कागदही नव्या खिशात जात असणार. विश्वास असता तर कपाटात टाकून विसरले असते.

त्यांनाही झोप नाही तर. मला वाटत होतं, मी एकटीच जागी.

४ नोव्हेंबर
म्हटलं, "शुक्रवारी मी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला जाते. तुम्ही या, नाहीतर नका येऊ."

"तुझं रक्त कशाला?"

"जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कुठे झोपत होते?"

खाली बसले. खरंच डोक्यात आलं नव्हतं त्यांच्या. इतके महिने त्यांना वाटत होतं चटई म्हणजे शिक्षा. म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे तुला..." मीही पुरं केलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्र.
मिरजेच्या गाडीत बसले. सुटायच्या वेळी हे चढले. मागच्या बाकावर बसले, तिकिटं मात्र दोन काढली.

तिथे नावं मोठ्यानं पुकारतात. ह्यांनी रुमालानं तोंड पुसायचं निमित्त केलं. बाही वर सारताना हात दोनदा मागे घेतला. धरायचा नाही असं ठरवलं होतं. धरला.

तिथल्या डॉक्टरांना मीच विचारलं, आता निगेटिव्ह आला तर खरा धरायचा ना? "धरायचा. पुरेसे दिवस गेलेत." आणि दुसरं आलं तर? "तर आणखी एक खात्रीची तपासणी. मग पुढचं बोलू. पुढच्या शुक्रवारी दोघांनी या, एकट्यानं नाही."

येताना एका बाकावर बसलो.

११ नोव्हेंबर
कार्तिकी झाली. गुरुजींना वांगी देऊन नेम सोडला. सा.बाईंनी कुंडलहून मागवली होती. स्वतः भाजली, घरभर वास. भरतावर कच्चं तेल, कोथिंबीर. "घे गं, चार म्हैन्याची भूक भागव. आन् ती चटई गुंडाळ आता."

घास उचलला तेवढ्यात ह्यांनी आपल्या ताटातली भरताची वाटी उचलून बाजूला ठेवली. वांगं म्हणजे ह्यांचा जीव, चार महिने शेठजींकडे दुसऱ्यांच्या डब्यांतलं मागून खाल्लेलं.

"आई, मला नको. माझं अजून सुटलं नाही."

सा.बाई बघतच राहिल्या. "तुजं? तुजं कवा लागलं हुतं रं?"

ते माझ्याकडे बघत होते. मी घास ताटात ठेवला. शुक्रवारनंतर खाईन, किंवा...

चटई देवघरापाशीच आहे. शेजारी त्यांनी दुसरी आणून टाकलीय. मधे हातभर जागा सोडून.