शेजारच्या खोलीतले बाबा

प्रिय ताई,

ते रेकॉर्डिंग तू अजूनही दाखवतेस. परवा एका मुलीने मला फोनवर सांगितलं आणि काल तुझ्या ऑफिसातल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी ते खरं असल्याचं सांगितलं. नव्या स्टार्टअपवाल्यांच्या दर बॅचला पहिल्याच दिवशी दाखवतात, दिवे घालवून, अशी त्यांनी न विचारताच वर पुस्तीही जोडली. बोलताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. मी ओळख सांगितली नव्हती.

ती मुलगी कोण हे तुला माहीतच आहे. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी न सांडणारा चमचा बनवते ती. तू तिच्या स्टार्टअपमध्ये पैसे घालणार आहेस आणि सही करण्याआधी तिला तुझ्याबरोबर काम केलेल्या दोन-तीन जणांशी बोलायचं आहे. शहाणी आहे. मी विचारलं नव्हतं कोणाला. तू दिलेल्या नावांत एक माझं निघालं. मला माझ्याच कंपनीतून काढून दीड वर्ष झालं आणि तू मलाच शिफारशीला उभी करतेस! याला धाडस म्हणायचं की विसराळूपणा, दोन दिवस विचार करतेय. बहुतेक तुला खात्री असेल की ही काही बोलणार नाही. आजवर बोलले नाही, हेही खरंच.

तुला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. ‘ताई म्हण, आणि अहो-जाहो तर मुळीच नको, मी काय तुझी सासू आहे?’ असं पहिल्या भेटीत म्हणाली होतीस. मला सख्खी बहीण नाही, मी विरघळले. आता तुम्ही म्हणायला हवं, पण तू लावलेली सवय आहे, सुटत नाही. शिवाय तुम्ही म्हणून भांडता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरची ती काचेची खोली आठवते? टेबलावर तुझं स्टॉपवॉच, समोर मी, आणि सहा मिनिटांत सगळं आयुष्य. मी कानाच्या स्वस्त यंत्राबद्दल बोलायला आले होते. मायक्रोफोन कुठून आणणार, बॅटरी किती दिवस टिकणार, एका यंत्राच्या किमतीत आमची तीन कशी होतील. तू जांभई दाबलीस आणि विचारलंस, हे सगळं कोणासाठी करतेस? मी बाबांचं सांगितलं. छापखान्यात चाळीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस, कान त्या मशीनने खाल्लेले. दारात कोणी पत्ता विचारला की बाबा म्हणणार, ‘नको, कालच घेतलं.’ आई म्हणायची, यांना ऐकू येत नाही म्हणून तर आमचा संसार टिकला. तू हसलीस, अगदी मनापासून. मग म्हणालीस, ‘गोड आहे गं, पण हसून कोणी चेक फाडत नाही. आई कशी गेली?’

मी खरं ते सांगितलं. आई दुपारी न्हाणीघरात पडली. घरात कोणी नव्हतं. बाबा तिचंच औषध आणायला गेले होते. मी ऑफिसातून लवकर आले, दार उघडलं आणि मागून जिन्यात बाबांची पावलं वाजली. त्यांच्या हातात औषधाची पुडी होती. हे तुला मी नीट, क्रमाने सांगितलं होतं, ताई. तू वहीत काहीतरी लिहिलंस आणि स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलंस. ‘ते घरातच होते असं म्हण. शेजारच्या खोलीत, पेपर वाचत. आईने तीनदा हाक मारली.’ मी म्हटलं, अगं, पण ते नव्हतेच घरी. त्यावर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. ‘एक भिंत इकडची तिकडे झाली तर कोणाचं काय बिघडतं? याला खोटं नाही म्हणत, मांडणी म्हणतात.’

मी नाही म्हणू शकले असते. तुला शिव्या देताना हे गाळत नाही. मला पैसे हवे होते, आणि त्याहून जास्त तुझी शाबासकी. मी आरशासमोर सराव केला. तिसऱ्या हाकेनंतर किती वेळ थांबायचं हे तू ठरवून दिलंस. चार सेकंद. दोन कमी पडतात, सहा नाटकी वाटतात. केवढं मार्गदर्शन!

गुंतवणूकदारांपुढे बोलायच्या दिवशी सभागृहात बाबांना बोलवायचं हीसुद्धा तुझीच कल्पना. दुसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची, कानात आमच्या कंपनीचं पहिलं चालू यंत्र. मी त्यांना बोलणं आधी वाचायला दिलं नव्हतं. दिलं नाही, कारण द्यायची हिंमत नव्हती. चार सेकंद थांबले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. यंत्र उत्तम चालत होतं. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला होता. बाकीचे लोक डोळे पुसत होते आणि बाबा मान किंचित वळवून, जणू मागे कोणीतरी हाक मारतंय तसे, बघत होते. रेकॉर्डिंगमध्ये ते दिसत नाहीत. तुझ्या माणसाने कॅमेरा माझ्यावरच ठेवला होता.

पुढचं तुला माहीत आहे. पैसे आले, सव्वा वर्षाने बोर्डाची बैठक आली, आणि ‘गोष्ट सांगावी तर तूच, पण कंपनी चालवायला दुसरं माणूस लागेल’ असं म्हणून तू माझ्याविरुद्ध हात वर केलास. त्याचा राग होता. खरं सांगते, तो उतरला. कंपनी चांगली चालली आहे असं ऐकते, चालू दे. तेवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता.

ती चमच्यावाली मुलगी फोनवर म्हणाली, ‘तुमच्या आईचं ऐकून मी रडले हो.’ आणि मग जरा अडखळत, ‘माझ्या भावाचं ताई म्हणतात तसं सांगायचं का, ते कळत नाहीये. थोडं वेगळं आहे खरं.’ भावाला पहिल्या रांगेत बसवायचं ठरलंय म्हणे. सविस्तर बोलू म्हणून मी तिला उद्या सकाळी नऊ वाजता फोन करायला सांगितलंय. उद्या मी तिला पुडीपासून सगळं सांगणार आहे. तुझ्या कानावर आधी घालते, एवढंच. यात सौदा नाही. तू काहीही केलंस तरी मी ते सांगेनच.

पत्राचं कारण वेगळंच आहे, आणि तुझ्याकडे काही मागायची वेळ यावी याची मला चीड येते. बाबांनी सभागृहातून आल्यावर त्या संध्याकाळी यंत्र काढून ठेवलं ते परत घातलेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मला कागदावर लिहून विचारलं, ‘मी त्या दिवशी नक्की बाहेर होतो ना?’ मी मोठ्या अक्षरांत लिहिलं की हो, तुम्ही जिन्यात होतात, मी स्वतः पाहिलं, ते वाक्य बनवलेलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि खाली लिहिलं, ‘एवढ्या लोकांपुढे तू खोटं बोलणार नाहीस. माझी समजूत काढू नकोस.’ आता ते म्हणतात, औषध घेऊन आपण आधीच परत आलो असू, पेपर वाचत बसलो असू. कुठला पेपर, हेसुद्धा आठवतं त्यांना! माझ्या शब्दाला त्या घरात किंमत उरलेली नाही, आणि ते वाक्य कोणाचं हे माझ्याखेरीज तुलाच ठाऊक आहे. म्हणून दोन ओळी लिही. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, बाबांच्या नावे: ते वाक्य मी सुचवलं, ते खरं नव्हतं. मांडणी वगैरे शब्द नकोत. हे पत्र घेऊन येणारा कुरिअरवाला तुझ्या रिसेप्शनवर अर्धा तास थांबेल, त्याला तसे पैसे दिले आहेत. तो परत येईल तेव्हा बाबा जेवून उठलेले असतील. रिकाम्या हाताने आला, तर त्यांना काय लिहून दाखवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
रेकॉर्डिंगमधली