कॅसेटींचे कपाट विकायचे नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सगळ्यांची 'कॅमेरावाली काकू', हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणणारे पुष्कळ झाले. ते थकले, मी नाही.

१. व्हिडिओ शूटिंगचे दुकान व मागची खोली माझी स्वकष्टार्जित आहे. यजमान गेले तेव्हा धाकटे दीर त्यांचा कॅमेरा विकायला निघाले. "वहिनी, बाईमाणसाला हे झेपायचं नाही." मी म्हटले, "भावजी, कॅमेरा खाली ठेवा." दिरांचा कशावरही हक्क नाही.

२. त्याच कॅमेऱ्यावर मी दुकान काढले. पहिले वर्षभर तिथे चिटपाखरू फिरकले नाही. मग शेजारच्या शिंपीणबाईंच्या लेकीचे लग्न मी हौसेने टिपले. नवरानवरीबरोबर मागे भांडी घासणाऱ्या बायकाही घेतल्या, नीट, चेहरे दिसतील अशा. त्यांना कोणी कधी टिपले नव्हते. त्यांनीच घरोघरी माझे नाव नेले. जाहिरातीची पाटी मी आजवर लावलेली नाही.

३. दुकान, दोन्ही कॅमेरे, दिवे व स्टँड सुनेला द्यावेत. तिने आधी दिवा धरला, मग कॅमेरा. आता लोक तिलाच बोलावतात, आणि मला त्याचा राग येत नाही. मुलाला बँकेतील ठेव. त्याने तोंड वाकडे करू नये. त्याने दुकानाची पायरी चढून वर्षे लोटली.

४. कपाटातील सर्व कॅसेटी. हमरस्त्यावरच्या मोठ्या स्टुडिओला त्या जाहिरातींसाठी हव्या आहेत. मुलाने मला न विचारता होकार दिला.

"आई, त्या जुनाट कॅसेटींना कोण विचारतं?"

"ज्यांची माणसं आत आहेत, ते."

एका ट्रकचालकाची आई विचारत आली होती. मुलगा अपघातात गेलेला, घरात त्याचा आवाज कुठेच नव्हता. अकरा दिवस शोधून मला एका वरातीत तो सापडला: "आई, पदर सांभाळ, पडशील." एवढेच. माउलीने ते दिवसभर ऐकले. असे चेहरे मी साबणाच्या जाहिरातीला देणार नाही. सुनेने कपाट सांभाळावे. ज्या घरची कॅसेट, त्या घराने कधीही येऊन पाहावी.

हे कलम मी मुलाला घरी वाचून दाखवले. तो ताडकन उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

"बाबा आहेत का गं कशात?"

"ते कायम कॅमेऱ्यामागे. दिसत नाहीत. पण 'हसा जरा, हसा' म्हणताना ऐकू येतात."

तो परत येऊन बसला. मी म्हटले, "सोमवारी दुकानात ये. ऐकायला मिळेल. विकायला नाही."

याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: तीन तारीख, मंगळवार
सही: कॅमेरावाली काकू (अंगठा नाही, सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई
२. कोपऱ्यावरचे घड्याळजी