उसना हात

सोमवार, ३
आलो एकदाचा. मास्तरांच्या घरातली माडीवरची खोली मिळाली. पलंग कुरकुरतो, पण खिडकी मोठी आहे आणि गिटार ठेवायला कोपरा झकास. खाली मास्तर, काकू आणि मास्तरांची भाची. भाचीला सगळे चिमणी म्हणतात. विशीतली पोरगी, बोलणं जेमतेम. आल्याआल्या तिने मला दादा करून टाकलं आणि नको नको म्हणत असताना बॅग वर आणून दिली. चहानंतर मास्तरांनी माझं वाजवणं ऐकलं. डावा हात तयार आहे म्हणाले, उजवा मात्र अडाणी. हसत म्हणाले, म्हणून मीही हसलो. महिनाअखेरीस त्यांचा कार्यक्रम आहे आणि दुसऱ्या गिटारवाल्याची खुर्ची रिकामी आहे. ती मला हवी. त्यासाठीच चांगल्या नोकरीवर पाणी सोडलंय.

गुरुवार, ६
मास्तर वाजवतात त्या जिप्सी जॅझमध्ये उजव्या हाताचं प्रकरणच वेगळं. मनगट वाकवून हात अधांतरी ठेवायचा, लाकडाला टेकवायचा नाही. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, मारायची नाही, खाली पडू द्यायची, आणि ती पुढच्या तारेवर जाऊन विसावली पाहिजे. तार बदलली की पहिला ठोका खालच्या दिशेनेच, वरचा कितीही सोयीचा वाटला तरी. माझ्या हाताला वर-खालीची जुनी खोड, ती काही केल्या सुटत नाही. मास्तर माझं मनगट उचलून सोडतात तर ते हवेतच राहतं. चिमणीही वाजवते; तिचं सोडलं की ओल्या टॉवेलसारखं पडतं. याला म्हणतात हात, असं मास्तर काकूंना बोलावून दाखवतात. काकूंनी शंभरदा बघितलं असेल, तरी कौतुकाने बघतात. मी आपला पायाच्या अंगठ्याकडे बघत बसतो.

मंगळवार, ११
या घरात हात द्यायची पद्धत आहे. ज्याला येतं त्याने मागे बसून आपला उजवा हात शिकणाऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि वाजवायचं. वजन खालच्या हातात उतरतं. मास्तरही तसेच शिकले. आज चिमणीने मला हात दिला. गार होता, आणि अगदी हलका. ती उठल्यावर माझी पिक आपसूक पडली आणि पुढच्या तारेवर थांबली. माझा विश्वासच बसेना.

काकूंनी जिन्यातून बजावलं, की घेतलेला हात लगेच परत द्यायचा असतो. जागा बदलून आपला हात तिच्या हातावर ठेवायचा आणि तिला एक चाल वाजवू द्यायची. मी म्हणालो, मनगट दुखतंय. राहू दे दादा, उद्या दे, असं म्हणून चिमणी खाली गेली.

मनगट दुखत नव्हतं. मिळालेलं सांडेल अशी भीती वाटली.

रविवार, १६
रोज तिचा हात घेतो आणि रोज काहीतरी निमित्त काढतो. ती भिडस्त, परत मागत नाही. आज मास्तरांनी माझं मनगट सोडलं तर धपकन पडलं. मग तिचं सोडलं. हवेतच राहिलं. थकली असेल, म्हणाले मास्तर. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

गुरुवार, २०
खुर्ची माझी! मास्तरांनी जेवताना सांगितलं. चिमणीने अभिनंदन केलं. चहा देताना तिचा कप बशीवर खडखडला, निम्मा सांडला. मग कोपऱ्यात बसून ती अंगठा मधल्या बोटावर घासत राहिली.

ती खोड माझी आहे. लहानपणापासूनची. तिला कधी नव्हती.

माझा अंगठा आज दिवसभर गप्प आहे.

सोमवार, २४
दाढी करताना गाल कापला. चुकून नव्हे. हाताला दाढी कशी करतात ते माहीतच नाही. हात गार पाण्याखाली धरला. मग खिडकीशी बसलो तर हात टॉवेलच्या दशांची वेणी घालत होता. सफाईने, तीन पेडांची. मी नुसता बघत होतो.

खाली आलो. काकू चिमणीची वेणी घालत होत्या. काकू म्हणाल्या, हिला हल्ली जमतच नाही.

शनिवार, २९
कार्यक्रम झाला. ती पहिल्या रांगेत, हात मांडीवर. मधेच मी पुढचं विसरलो. साफ विसरलो. हात थांबला नाही. समोर बघितलं तर तिचे ओठ हलत होते, चाल मोजत होते, आणि माझा हात त्या ओठांबरोबर —

टाळ्या थांबेनात. मास्तर कानाशी म्हणाले, डोळे मिटले की वाटतं चिमणीच वाजवतेय. एवढं सगळं होऊन मला तेच झोंबलं. टाळ्यासुद्धा तिच्याच.

रविवार, ३०. सकाळ
काकूंना विचारलं, आता परत दिला तर. त्या म्हणाल्या, इतके दिवस ठेवल्यावर हात एकटा जात नाही. आणि मला नखशिखान्त न्याहाळलं.

द्यायचा नाही. आणखी एक कार्यक्रम, मग बघू.

दुपार
जिन्यात पावलं. कडी लावली होती. हाताने काढली, मला ओढत नेऊन —

ती दारात आहे. हात पुढे केलाय. तिच्या मनगटाला माझा हात —

खांदा कळेनासा झालाय. मान अर्धी. पेन अजून बोटांत आहे, पण बोटं तिच्याकडे —

सगळं घे चिमणे, पण मास्तर, ती खुर्ची तिला नका दे —