फळ्यावरचा चोर

४ ऑगस्ट, सोमवार

मागच्या भिंतीवर कॅमेरा ठोकला! मला न विचारता, माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीवर बुटांसकट चढून. मोठे सर दारात उभे राहून हसत होते. मुख्याध्यापक आहेत, पण अख्खी शाळा त्यांना मोठे सरच म्हणते — नक्की कशात मोठे, ते अजून कोणाला कळलेलं नाही.

"बाई, सहावीचं गणित रेकॉर्ड करायचंय. अपूर्णांकापासून सुरुवात. तुमची निवड झालीय, अभिमानाची गोष्ट आहे."

अभिमान! स्नेहसंमेलनात यांना माइक सुरू करता येत नव्हता, एका पोरीने बटण दाखवलं. आणि हे मला नवं युग समजावणार.

मी एकच अट घातली. रेकॉर्डिंग होईल ते भरलेल्या वर्गात. रिकाम्या बाकांना मी शिकवत नाही. कॅमेरेवाल्याने खांदे उडवले. "चालेल मॅडम. गोंगाट नंतर साफ करता येतो."

म्हटलं, आधी माझी खुर्ची साफ कर.

५ ऑगस्ट, मंगळवार

खांद्याशी माइक टाचलाय. दिवसभर वाटत होतं, झुरळ बसलंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मोठे सर सकाळी कानात कुजबुजले, "ते चोराचं तेवढं वगळा हं बाई. वेळ जातो. आणि बाहेर बरं दिसत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. चोर वगळू? मग उरलं काय? नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माझ्या प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक असते. मुद्दाम केलेली. तो चोर. ज्याला दिसेल त्याने बिनधास्त ओरडायचं. मग खडू त्याचा, फळा त्याचा. मी त्याच्या बाकावर जाऊन बसते आणि तोंडाला कुलूप. चूक का आहे ते त्यानेच सगळ्यांना पटवायचं. पटलं की मी "शाब्बास" म्हणते आणि पुढे जाते. पेंगणारं पोरसुद्धा माझ्या तासाला डोळे ताणून फळ्याकडे बघतं — बाई कुठे फसवतायत म्हणून! हे यांना बरं दिसत नाही.

अर्थात वगळला नाही. आज तर झकास लपवला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, लिहिलं दोन पंचमांश. "बरोबर ना?" म्हटलं आणि थांबले.

मागून शिट्टी उभी. (वरचा सुळा पडल्यापासून बोलताना शिट्टी वाजते, म्हणून वर्गाने नाव ठेवलंय. तिलाही आवडतं.) "चोर, चोर! बाई, अर्ध्या कलिंगडात अजून फोडी घातल्या आणि ते अर्ध्याहून कमी कसं झालं? कलिंगड कोणी खाल्लं?"

वर्ग हसून लोळला. तिने फळ्यावर कलिंगड काढलं, सहा फोडी केल्या, पाच रंगवल्या. मी तिच्या बाकावर बसून ओठ चावत होते, हसू फुटेल म्हणून. असा तास वर्षातून एखादाच होतो. कॅमेऱ्याने तेवढं तरी पुण्य कमावलं, म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अपूर्णांकाचे तास संपले. प्रत्येक तासाला एक चोर, प्रत्येक चोर पकडला गेला. कॅमेरेवाला सामान गुंडाळून गेला. सुंठीवाचून खोकला.

१ सप्टेंबर, सोमवार

खोकला गेलेला नाही. भिंतीवर हा भलामोठा पडदा आला! फळा झाकला गेला, अर्धा उरलाय, तोही खिडकीकडचा, जिथे ऊन पडून काही दिसत नाही. यापुढे उजळणी पडद्यावर आणि चाचणी टॅबवर. आमच्याकडेच नाही, कितीतरी शाळांत माझे तास पाठवलेत.

मी विचारलं, मग मी काय करायचं? मोठे सर म्हणाले, "तुम्ही आता सुलभक."

सुलभक! म्हणजे टॅब वाटायचे, चार्जिंगला लावायचे, गोळा करायचे. स्टाफरूममध्ये विज्ञानवाल्या बाई म्हणाल्या, "बरंय की गं, घसा तरी वाचेल." माझ्या घशाची काळजी मी कोणाकडे मागितली होती?

७ सप्टेंबर, रविवार

फोन ठेवला आणि तशीच लिहायला बसलेय.

धाकट्या बहिणीचा फोन आला. ती राहते तिकडे दूर, तिच्या लेकीच्या शाळेतही माझे तास लागलेत. बहीण हरखून गेलेली. "ताई, तू पडद्यावर काय छान दिसतेस गं! हिने वर्गात सगळ्यांना सांगितलं, ही माझी मावशी म्हणून."

मग भाची फोनवर आली. मी सहज म्हटलं, सांग बघू, अर्धा अधिक एक तृतीयांश?

"दोन पंचमांश!" क्षणभरही विचार नाही.

"अगं, नीट बघ. कसं केलंस?"

"वरचे वर, खालचे खाली. मावशी, तूच तर शिकवलंस!"

मी तिला म्हटलं, चूक आहे ते. तर रडवेली झाली. "तू बरोबर ना म्हणालीस, मग शाब्बास म्हणालीस!"

८ सप्टेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत पडदा लावून तो तास पाहिला. मी फळ्यावर दोन पंचमांश लिहिते. "बरोबर ना?" म्हणते. एक बारीकसा धक्का, चित्र उडतं, आणि लगेच मी प्रसन्न चेहऱ्याने म्हणते, "शाब्बास! आता पुढचं गणित."

शिट्टी नाही. कलिंगड नाही. फळा पुसलेला, जणू काही झालंच नाही.

कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मशीन आपोआप कापतं. माइक तुमच्या खांद्यावर, तुमचा आवाज नसला की त्याच्या लेखी तो रिकामा वेळ. मुलांचा आरडाओरडा म्हणजे गोंगाट. आधी सांगितलं होतं ना, साफ करता येतो?"

माझं गप्प बसणं म्हणजे रिकामा वेळ! अरे, तोच तर तास होता. असे सगळे तास. सगळे चोर सुटलेत आणि माझ्या तोंडच्या शाबासक्या घेऊन गावोगाव फिरतायत.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या सरांपुढे टेबलावर हात आपटून बोलले. शिपाई दारातून डोकावला.

ते म्हणाले, "बाई, मशीनने तपासलंय. चाचणीची उत्तरंसुद्धा तेच तासातून काढतं, माणसाचा हात लागत नाही."

"म्हणजे चाचणीतही दोन पंचमांश बरोबर?"

जरा गडबडले. मग म्हणाले, "सत्र संपल्यावर दुरुस्ती होईल. मध्येच बदललं तर सगळ्या शाळांचे निकाल विस्कटतात. तरी मी म्हणत होतो, चोर वगळा."

म्हणजे चूक माझीच! या माणसाला सहावीत बसवायला हवं. पहिल्या बाकावर.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज आमच्याच वर्गात उजळणीला तो तास लागला. मी टॅब वाटून कोपऱ्यात उभी. शिट्टी सावरून बसली, शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "आता मी येणार बघ."

पडद्यावर मी "बरोबर ना?" म्हटलं. धक्का. "शाब्बास!"

शिट्टी बघतच राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी कुठे गेले?"

मी कोपऱ्यातून ओरडले, "चोर! अरे, चोर तसाच आहे फळ्यावर!" कोणी हसलं नाही. टॅबवर प्रश्न उमटला होता, सगळ्यांची बोटं तिकडे. पुढच्या बाकावरचा मॉनिटर नम्रपणे म्हणाला, "बाई, थोडं हळू. पुढचं ऐकू येत नाहीये."

माझ्याच आवाजासाठी मला गप्प केलं. संताप संताप झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते कोणाला दिसू नये म्हणून चार्जरच्या वायरी सोडवत बसले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खिडकीकडच्या अर्ध्या फळ्यावर मुद्दाम चोर ठेवला. कोणी बघितलासुद्धा नाही. सुट्टी झाल्यावर मीच पुसला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हे तास शाळाशाळांत पाठवणाऱ्या मुख्य ऑफिसच्या साहेबांनी एकदाची वेळ दिली. सात तारीख, मंगळवार. त्यांच्या पुढ्यात तो तास लावणार, मग भाचीला फोन लावणार. उत्तरं बदला, सगळ्या चाचण्या परत तपासा, नाहीतर माझं तोंड त्या पडद्यावरून उतरवा. नोकरी गेली तरी बेहत्तर! बहीण म्हणाली, "ताई, कशाला वाकड्यात शिरतेस?" तिच्यावरही ओरडले.

पोरांच्या डोक्यात माझ्या आवाजात खोटं भरलं जातंय. झोप कशी लागेल?

६ ऑक्टोबर, सोमवार

चाचणीचा निकाल लागला. शिट्टीला पैकीच्या पैकी.

म्हणजे तिनेही दोन पंचमांशच लिहिलं! सुट्टीत तिला थांबवलं. "अगं, कलिंगड विसरलीस? तुला चोर दिसला नाही?"

"दिसला की बाई. सगळे चोर दिसले. सगळ्यांनाच दिसले." नवा दात आलाय, आता शिट्टी वाजत नाही. "पण पडद्यावरच्या बाईंना तसंच लागतं ना."

मी म्हटलं, उद्या साहेबांकडे जातेय, सगळं सांगणार आहे. ती घाबरली. माझा हात धरला.

"नको ना बाई! परत तपासलं तर वर्गातल्या सगळ्यांचे मार्क जातील. नाही ना सांगणार?"

"नाही सांगत," म्हणाले.

मी!