कोल्ह्याची आखणी

२८ जानेवारी ९७, मंगळवार

आज परत घातलं. आई पाण्याला गेली होती, बाबा मिठागरावर. पाच मिनिटंसुद्धा नाही. दाराला कडी, कडीच्या मागे पाट टेकवलेला, तरी कान दाराकडेच होते. आत आपलाच श्वास गरम गरम लागतो. आणि बरं वाटतं! का वाटतं ते मला विचारू नये कोणी, मला माहीत नाही.

कोल्ह्याचं डोकं अजून पांढरंफटक आहे. कागदाचा लगदा, डिंक, खडूची पूड. कान छान जमलेत. नाक मात्र कुत्र्याचं झालंय, घासायला हवं.

माळ्यावर रिकाम्या गोणींच्या मागे लपवलं. बाबांच्या हाती लागलं तर मेलेच मी.

३० जानेवारी

गणपतीच्या कारखान्यात जाताना पेणच्या एसटी स्टँडवर पेपरच्या टपरीशेजारी एक हाताने रंगवलेला कागद दिसला. जसाच्या तसा उतरवून घेते—

"प्राण्यांची सोंगं घेणाऱ्यांचा पहिला मेळावा. रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी अकरापासून. रोहे, जुन्या भातगिरणीचं गोदाम. अमेरिकेत असे मेळावे भरतात, माणसं दोन दोन दिवस प्राणी होऊन राहतात, मग आपल्याकडे का नको? आपापलं सोंग घालून यावे. नाव विचारणार नाही. बोलायचं नाही. चेहरा दाखवायचा नाही. — गुणाजी मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक."

तीनदा वाचलं. टपरीवाला म्हणाला, काय पाहिजे? घाबरून नको असलेला पेपर विकत घेतला. वेडी कुठची.

म्हणजे मी एकटी नाही? का रोह्याचा हा मास्तर माझ्यासारखाच खुळा आहे?

२ फेब्रुवारी

झोप नाही. जायचं नाही असं ठरवलं की रडू येतं, जायचं ठरवलं की बाबा डोळ्यांसमोर येतात.

बारा वर्षांची होते तेव्हाचं लिहून टाकते एकदा. शिमग्याला मी मांजराचं डोकं केलं होतं. पहिलंच. घालून होळीपाशी गेले. गावात सोंगं निघतात ती पुरुषांची. वाघ असतो, माकडं असतात, एक मोठं अस्वल यायचं, ते आम्हा पोरांना बोरं वाटायचं. सोंगात कोण आहे ते सगळ्या थोरांना माहीत असतं, पण नावाने हाक कोणी मारत नाही, रीतच आहे तशी. पण मी पडले मुलगी. पोरगी हाय रे, पोरगी हाय, करत सगळे पोरगे मागे लागले. चिखल मारला. कोणी मांजराचे कान ओढले, कोणी माझा फ्रॉक. मी किंचाळत होते. बाबा कुठून आले कोण जाणे, घामाने निथळत होते. डोकं उपसून काढलं आणि सगळ्या गावासमोर होळीत टाकलं. म्हणाले, "पोरीच्या जातीनं सोंग घ्यायचा नाय. परत दिसलं तर घराबाहेर पाय टाकू देणार नाय."

आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मी अजून घाबरते त्यांना. नुसतं खोकले तरी घाबरते.

४ फेब्रुवारी

आईला सहज म्हणून विचारलं, शिमग्यातलं ते अस्वल हल्ली का येत नाही? ती पटकन म्हणाली, "तुझ्या बाबासमोर सोंगाचं नाव नको काढूस." विषय संपला.

८ फेब्रुवारी

फरझानाला सांगितलं. कारखान्यासमोर तिचं शिवणाचं दुकान आहे. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर फुटले असते. ती हसेल असं वाटलं होतं. हसलीच. मग आत जाऊन एक ब्लँकेट घेऊन आली. तिच्या भावाने, मन्सूरने, कुवेतहून पाठवलेलं, तांबूस, ही एवढी जाड फर! एका बाजूने इस्त्री पडून जळलं होतं. म्हणाली, कोल्ह्याचाच रंग आहे, घे.

तिच्या मशीनवर शेपूट शिवली. शेपटीत शिवणाच्या चिंध्या भरल्या. दुकानात कोणी बाई आली की मी शेपटीवर बसायचे.

१७ फेब्रुवारी

आज डोळ्यांची आखणी केली!

कारखान्यात मी तेच करते. गणपतीचे डोळे. आमचे मालक काळुरामकाका म्हणतात, पेणमध्ये पोरींच्या हातात आखणीचा ब्रश मीच पहिल्यांदा दिला. खरं आहे ते. साच्यातून काढणं, घासणं, रंग, सगळं झालं की शेवटी डोळे. आखणी झाली की मूर्ती बघायला लागते. मग त्या डोळ्यांवर खिळा नाही, पॉलिश पेपर नाही, काही लावायचं नाही. चुकली रेघ तरी तशीच सोडायची.

कोल्ह्याची रेघ नाही चुकली. बदामी बुबुळ, कडेला सोनेरी, वर पांढरा ठिपका. माझ्याकडे असा बघतोय की मीच मान खाली घातली. बावीस वर्षांत इतकं सुंदर काही केलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

फरझानाने डोकं हातात घेतलं, फिरवून बघितलं, म्हणाली, "मस्त गो. पण तू बघणार कुठून?"

डोळ्यांना भोकंच नाहीत! आतापर्यंत पांढऱ्या डोक्यातून जबड्याच्या फटीतून घरातली जमीन दिसायची, तेवढं मला पुरायचं, म्हणून लक्षातच आलं नाही. गणपतीला कुठे आतून बघावं लागतं? आयुष्यभर बाहेरून डोळे काढले, आतून बघायची वेळ कधी आलीच नाही!

फरझाना म्हणाली, सुई तापवून आण, पाडू भोकं. माझा हात नाही गेला. आखणी झालेल्या डोळ्यांत सुई? नाही म्हणजे नाही. तोंडातूनच बघेन. पावलापुढचं हातभर दिसतं. बस झालं.

२२ फेब्रुवारी

उद्या.

आईला सांगितलं फरझानाबरोबर नागोठण्याला जाते, तिच्या मावशीकडे. बाबा जेवताना म्हणाले, बांधाला भगदाड पडलंय, उद्या पहाटेच जाणार, दिवसभर तिकडेच. सुटले!

पण सुटल्यासारखं काही वाटत नाही. कळलं तर कारखाना बंद. कारखाना बंद म्हणजे ब्रश बंद. मग मी कोण? आईबरोबर मीठ उचलणारी एक बाई.

जाऊ नये हेच बरं.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. आले.

फरझाना ऐन वेळी आलीच नाही, तिच्या अम्मीला ताप. एकटीच निघाले. डोकं चादरीत बांधून मांडीवर घेतलं होतं. गाडीत समोर एक म्हातारी, निडीला उतरणारी. तिने विचारलं, पेणचे गणपती का? मी हो म्हणाले. काय म्हणणार? ती म्हणाली, या दिवसांत? म्हटलं, ऑर्डर आहे. तर तिने उठून चादरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मला खिडकी दिली. कोल्ह्याला नमस्कार! देवा, माफ कर. वाटलं चादर सुटणार आणि आतून सोंड नाही, लांब तोंड बाहेर येणार.

रोह्याला गोदामाच्या मागे एका पडक्या खोलीत सोंग चढवलं. आत गेले तर काही दिसेना. नुसते पाय. वाघाचे पट्टे रंगवलेले पाय, बैलाचे खूर बांधलेले, एक लांबलचक बगळ्याचे. तेरा-चौदा जण असतील. मास्तर घुबड होते, त्यांनीच सांगितलं, बोलायची परवानगी तेवढी त्यांनाच. म्हणाले, इथे कोणी कोणाला हसणार नाही.

मी भिंतीला पाठ लावून उभी. तासभर. परत जाऊ, परत जाऊ, एवढंच डोक्यात. बाकीचे पाय एकमेकांपाशी जात होते, शेपट्या जमिनीवर हलत होत्या, आणि मी आपली भिंत.

मग लांब शेपट्या लोळवत दोन माकडं आली. एकाने माझी शेपूट ओढून बघितली. दुसरा बोलला, नियम मोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं— "बाईमाणूस हाय रे हे. नखावर सोनेरी बघ. पेणच्या कारखान्यातली."

मी हात मागे घेतले. उशीर झाला होता. त्याचे हात माझ्या जबड्याखाली आले, डोकं वर सरकायला लागलं. मला पुन्हा होळी दिसली. तोच चिखल.

आणि मध्ये कोणीतरी येऊन उभं राहिलं. मला दिसले ते गोणपाट गुंडाळलेले पाय आणि सुतळी उसवून उसवून केलेले केस. अस्वल. काही केलं नाही त्याने. नुसतं उभं राहिलं, माझ्याकडे पाठ करून. माकडाचे पाय जरा थांबले, मग मागे गेले. मास्तर म्हणाले, सोंगाला हात लावायचा नाही, बसा तिकडे.

पुढे प्रत्येकाने ओट्यावर चढून आपापली चाल करून दाखवायची होती. मी नको नको मान हलवत होते. अस्वलाने हात पुढे केला. गोणपाटाचा पंजा, खरखरीत. का कोण जाणे, धरला. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. दुसरी मला दिसलीच नाही, पाय अडकला, गेलेच होते तोंडावर! त्याने कोपर धरून अलगद वर घेतलं. मग वर मला एकटीला सोडलं.

मी चालले. कोल्ह्यासारखी. एक पाय उचलून थांबायचं, वास घ्यायचा, मान वळवायची. किती वेळ ते माहीत नाही. त्या वेळात मला कोणाचीही भीती वाटली नाही. कोणाचीही! खाली सगळ्यांनी पाय आपटून दाद दिली, मला पायच दिसत होते म्हणून मला ती दाद बघता आली.

दोनच्या सुमारास निघाले. अस्वल दारापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आभार मानायचे राहिले. बोलायचं नव्हतं ना.

मी घरी आल्यावर तासाभराने बाबा आले. मान लालभडक झालेली. आईने खोबरेल लावलं. बांधावर ऊन फार, म्हणाले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

२४ फेब्रुवारी

संपलं सगळं.

काळुरामकाका सकाळीच सगळ्यांसमोर म्हणाले, काल रोह्याला म्हणे पेणची कोणी पोरगी कोल्हा होऊन नाचली, नखाला सोनेरी रंग होता. त्या माकडाने पेणला येऊन सांगितलं असणार. कारखान्यात आम्ही तीन मुली. दोघी साच्यावर. सोनेरी फक्त मी वापरते. मी हात शाडूच्या घमेल्यात घातले ते जेवणापर्यंत काढलेच नाहीत.

संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "देवाचे डोळे काढणारा हात आहे नमिता. गिऱ्हाईक काय म्हणेल? बुधवारी तुमच्या गावावरूनच वडखळला जायचंय, तुझ्या बापाला विचारून येतो."

२५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, काय गो, तापबिप आला का?

डोकं जाळून टाकू का? माळ्यावर चढले, हातात घेतलं. त्याने बघितलं माझ्याकडे. परत ठेवून दिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मी कारखान्यात असताना काका घरी येऊन गेले. आईने सांगितलं. बाबांनी त्यांना ओटीवरच बसवलं, चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, रविवारी पोर माझ्यासंगं होती. दिवसभर. दुसरी कोणीतरी असेल. काका उठून गेले म्हणे, उद्यापासून आखणीला लवकर ये असा निरोप ठेवून.

आई मला विचारते, तू तर नागोठण्याला गेली होतीस ना? मग हे खोटं कशाला बोलले?

मला काय माहीत! बाबा आणि खोटं? त्यांना कळलंय. नक्की कळलंय. बाहेर अब्रू राखली, आता घरात निकाल लावणार. जेवण झाल्यावर माळ्यावर चढले. गोणी सरकवल्याचा आवाज आला. मी खाली भांडी घासत होते, तीच तीच थाळी. उतरले तेव्हा हात रिकामे होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

उद्या काय होणार?

२७ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना बाबा बशीत बघत म्हणाले, "डोळ्यांना भोकं पाड गो. दर वेळी पायरीवर कोण धरील तुला?"